दोन बादल्यांची साक्ष

१

मोतीराम नानांचा डोळा तिसऱ्यांदा ऑपरेशनविना घरी आला, त्या दुपारी मोहिनीनं स्वयंपाक तसाच टाकला, चार महिन्यांच्या लेकीला, मैनाला काखेत मारलं आणि नाशिक रोडला येऊन वत्सला सिस्टरचं दार वाजवलं.

वत्सलाबाई एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्या त्याला तीन वर्षं झाली होती, पण लोकांच्या तोंडचं 'सिस्टर' काही निवृत्त झालं नव्हतं. मोहिनीचे वडील तिथंच बॉयलरवर होते. त्यामुळे मोहिनीचा गोवर, कांजिण्या आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी हमखास येणारा ताप, सगळं वत्सलाबाईंच्या हाताखालून गेलेलं होतं.

“मावशी, घरात चोरी झालीय,” मोहिनी म्हणाली. “आणि सगळे माझ्याकडे बघताहेत.”

“काय गेलं?”

“तेच तर कळत नाही.”

मग तिनं सांगितलं ते असं. नाना तिचे सासरे. त्यांचा डावा डोळा लहानपणीच बोरीच्या काट्यानं गेलेला, उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू पिकलेला. माघाच्या शेवटी ऑपरेशन ठरलं, तर डॉक्टरांनी आधी दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघून घरी पाठवलं. ब्लडप्रेशर एकशे नव्वद. गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी एक. मोहिनी स्वतः ती हातावर ठेवायची आणि नाना गिळेपर्यंत समोर उभी राहायची. होळीनंतर पुन्हा गेले, तर एकशे नव्वद. आज गेले, तर एकशे ब्याण्णव.

“डॉक्टर म्हणाले, हा माणूस गोळी घेतच नाही. एकच डोळा आहे, एवढ्या प्रेशरवर मी हात लावणार नाही. तीन आठवड्यांनी शिबिर संपतंय, मग दिवाळीपर्यंत काही नाही. घरी आल्यावर हे मला विचारतात, तू देतेस तरी काय नक्की?” मोहिनीनं मैनाचं टोपडं उगीचच सारखं केलं. “गोळ्या मोजून येतात, मोजून संपतात. मग त्यांचा गुण चोरतं कोण, मावशी? नानांनी हिचं तोंड अजून पाहिलेलं नाही. हातानं चाचपून बघतात आणि रोज विचारतात, कुणावर गेलीय?”

वत्सलाबाईंना ते ऐकून भरून आलं आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, फार दिवसांनी अंगात हुशारीही आली. तीस वर्षांत त्यांनी गोळी जिभेखाली धरणारे पकडले होते, खिशात टाकणारे पकडले होते, आणि साहेबांच्या कुत्र्याला चारणारा एक फिटरसुद्धा पकडला होता. त्यांनी कपाटातून पाऱ्याचं यंत्र काढलं आणि त्यावरची धूळ पुसली.

“उद्या सकाळी येते,” त्या म्हणाल्या. “मी येईपर्यंत कुणी गोळी द्यायची नाही.”

२

नानांचा मळा एकलहऱ्याच्या धुरांड्यांच्या अलीकडे, दीड एकर सगळा गुलाबाचा. वत्सलाबाईंची मोपेड फाटकात शिरली तेव्हा नाना ओट्यावर मैनाला मांडीवर घेऊन बसले होते. हनुवटीवर कापसाचा बोळा चिकटवलेला.

“हे काय झालं?”

“दाढी करताना कापलं, सिस्टर. आंधळ्याची दाढी,” नाना मजेत म्हणाले. “एवढुसं कापलं, पण रक्त थांबंना. हल्ली असंच होतंय.”

“बाकी तब्येत?”

“एक नंबर. पोटात जरा जळजळतं, तेवढं सोडा. पहिल्या पंधरा दिसांत या गोळीनं घेरी यायची. एकदा शेडात पडलो बी. मंग मानवली. अन् तुमच्या प्रेशरचं मला म्हाईत नाय, पण माझा गुडघा लय सुधारला बघा. दहा वर्सांचं दुखणं, होळीपासून गेलं.”

मोहिनी पाणी आणि एक छोटी पितळी डबी घेऊन आली. रोज सकाळच्या घाईत पाकीट फोडत बसायला नको, म्हणून ती एक तारखेलाच महिन्याच्या तीस गोळ्या सोलून या डबीत भरून ठेवायची. डबी फळीवर, कैरीच्या लोणच्याच्या बरणीशेजारी असायची, त्यामुळे उघडली की किंचित आंबूस वास यायचा. भिंतीवर दिनदर्शिका होती. गोळी दिली की मोहिनी त्या तारखेला गुलाबाच्या काट्यानं टोच मारायची. वत्सलाबाईंनी ती काढून उजेडासमोर धरली. माघापासून कालपर्यंत एकही तारीख बिनभोकाची नव्हती.

“आ करा,” गोळी गिळल्यावर त्यांनी नानांना फर्मावलं. “जीभ वर. आता गालात बोट घालू द्या.”

गोळी नव्हती. सरळ पोटात गेली होती. यंत्र बांधलं, पारा चढला आणि एकशे नव्वदच्या खाली यायला तयार होईना. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यांनी स्वतःच्या दंडाला लावून पाहिलं, मग मोहिनीच्या. दोन्ही आकडे ठणठणीत होते.

पलीकडे पत्र्याच्या शेडात नानांची बायको फुलाबाई काल संध्याकाळी तोडलेली फुलं बादलीतून काढून जुड्या बांधत होती. ठेंगणी, काटक, बोटांना काटे लागून लागून कातडं जाड झालेलं. तिच्या बादलीतलं फूल तीन दिवस मान टाकत नाही, अशी फूलबाजारात ख्याती होती. त्याचं गुपित तिनं कधी लपवलंही नव्हतं. एका व्यापाऱ्यानं तिला वीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं, की डोकेदुखीची साधी गोळी कुटून पाण्यात टाकायची. रोज संध्याकाळी एक. तीही मोहिनीच तीस-तीस मोजून शेडातल्या डबीत भरून ठेवायची.

“गोळीनं खरंच टिकतं का हो फूल?” वत्सलाबाईंनी विचारलं.

“टिकायचं,” फुलाबाई मान वर न करता म्हणाली. “यंदा ऊन लय हाय.”

तेवढ्यात तिचा मुलगा धनराज टेम्पो घेऊन बाजारातून परतला, तो धुसफुसतच. कालच्या मालातली निम्मी फुलं माना टाकलेली निघाली म्हणून व्यापाऱ्यानं चार माणसांत त्याचा पाणउतारा केला होता. “होळीपासून रोजचंच झालंय. द्वारका चौकात अर्धा तास गाडी अडकते, वर हे ऊन,” असं म्हणत तो पाय धुवायला गेला. जाता जाता त्यानं बायकोकडे असं पाहिलं, की वत्सलाबाईंना त्याच्या कानाखाली एक इंजेक्शन द्यावंसं वाटलं.

गोळी तर नानांच्या पोटात जात होती. मग ती पोटात जाऊन करत काय होती?

३

दुपारी वत्सलाबाई नाशिक रोडला ललितच्या मेडिकलमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. ललित हा चाळिशीतला, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस.

“तुझ्या दुकानातल्या गोळ्या खोट्या आहेत का रे?” त्यांनी सरळच विचारलं.

ललितनं आधी दोन गिऱ्हाइकं बाहेर गेल्याची खात्री करून घेतली. मग खालच्या खणातून एक वही काढली. “सिस्टर, हीच गोळी, याच खोक्यातली, माझ्याकडून सतरा माणसं नेतात. दर महिन्याला गोळ्या न्यायला आले की त्यांचा आकडा विचारून लिहून ठेवतो. जो येत नाही त्याच्या घरी फोन करतो. बघा.”

वत्सलाबाईंनी वही पाहिली आणि मनातल्या मनात ललितची माफी मागितली. सोळा जणांचे आकडे महिन्या-महिन्याला उतरत गेले होते. सतराव्या ओळीत मोतीराम नाना होते.

“मोहिनीवहिनी एक तारखेला दोन पाकिटं नेतात,” ललित म्हणाला. “एक बीपीचं, एक डोकेदुखीचं फुलांसाठी. मी दोन्हींवर मोठ्या अक्षरांत लिहून देतो.”

म्हणजे दुकानातून गोळी खरी निघत होती. नानांच्या घशात जाईपर्यंत तिचं काहीतरी होत होतं. मधे फक्त घर होतं आणि घरात चार माणसं. मोहिनी रोज गोळी देत होती. धनराजला गोळीचा रंगही माहीत नसावा. फुलाबाईला डॉक्टरी औषधाचा तिटकारा होता, हे मोहिनीनंच सांगितलं होतं. चौथा गडी केरू. पेठकडच्या डोंगरातला, पन्नाशीचा, बारा वर्षं मळ्यावर राहणारा आणि दिवसाला बारा शब्द बोलणारा.

वत्सलाबाई मळ्यावर परतल्या तेव्हा अंगणात आवाज चढलेले होते. धनराजनं केरूचं मनगट धरलं होतं आणि केरूच्या मुठीत दोन पांढऱ्या गोळ्या होत्या.

“सापडला चोर, सिस्टर,” धनराज म्हणाला.

४

“हात सोड त्याचा,” वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दवाखान्याचा वॉर्ड शिल्लक होता. धनराजनं हात सोडला.

केरू खाली मान घालून उभा होता. त्याला त्यांनी शेडात नेलं, उलट्या बादलीवर बसवलं आणि आपण दुसरीवर बसल्या.

“कुठून घेतल्यास?”

“इथल्याच डबीतून. फुलांच्या.”

“नानांच्या नाहीत?”

“नाय जी. नानांच्या गोळीला मी कशाला हात लावू?” केरूचे डोळे भरून आले. “माझा डोका दुखतो. ऊन लागला का लय दुखतो. मागंपासून मी खातो यातली, कधी एक, कधी दोन. फुलाबाईला म्हाईत हाय. ती नाय बोलत काय.”

“मग डोकं थांबतं?”

“आगुदर थांबायचा. आता नाय थांबत.” केरूनं जरा विचार केला. दिवसाचे बारा शब्द केव्हाच संपले होते, तरी तो बोलत राहिला. “उलटी घेरीच येते, बाय. उठलो का डोळ्यापुढं अंधारी. परवा बांधावर बसून ऱ्हायलो मी. गोळ्याच फुसक्या आल्या अवंदा.”

वत्सलाबाई बादलीवरच पुढं सरकल्या.

“कधीपासून, केरू?”

“होळीपासून.”

वत्सलाबाई बादलीवरून उठल्या आणि शेडभर दोन फेऱ्या मारून पुन्हा बसल्या. नानांची घेरी होळीला थांबली आणि केरूची होळीला सुरू झाली. नानांचा गुडघा होळीपासून दुखायचा थांबला आणि केरूचं डोकं थांबेनासं झालं. रक्त पातळ झालेलं, पोटात जळजळ, ही तर डोकेदुखीच्या गोळीची लक्षणं. आणि तो आंबूस वास. डोकेदुखीच्या जुन्या गोळीला असाच वास सुटतो, हे तीस वर्षं औषधांच्या कपाटाशी राहिलेल्या बाईला कळू नये? त्यांनी सगळा दोष लोणच्याच्या बरणीला देऊन टाकला होता. सकाळी नानांचं तोंड पाहिलं, जीभ पाहिली, गालफडं पाहिली. पाहिली नव्हती ती फक्त गोळी. स्वतःच्या शहाणपणाचं त्यांना इतकं हसू आलं, की केरू घाबरून उभा राहिला.

त्यांनी फळीवरची डबी आणली आणि शेडातली डबी तिच्याशेजारी ठेवली. एकाच बोहारणीकडून घेतलेल्या जुळ्या डब्या होत्या त्या, एकीला पोचा होता तेवढाच फरक. दोन्हींतल्या गोळ्या पांढऱ्या, गोल, बिननावाच्या. नखानं चाचपल्यावर एक किंचित जाड लागत होती.

डब्यांची अदलाबदल होते ते कळलं होतं. कोण करतं, याचाही अंदाज आला होता. कशासाठी, ते मात्र कळत नव्हतं, आणि करणारं माणूस यंत्राचं किंवा डॉक्टरांचं ऐकणाऱ्यातलं नव्हतं. त्याला पटेल असा साक्षीदार हवा होता. वत्सलाबाईंनी आजूबाजूला पाहिलं, तर दीड एकर साक्षीदार उभे होते.

५

“फुलाबाई, मला दोन बादल्या द्या,” त्या संध्याकाळी वत्सलाबाई म्हणाल्या. “आणि एकाच झाडाच्या दहा-दहा कळ्या.”

सगळं घर ओट्यावर जमलं. वत्सलाबाईंनी नानांच्या डबीतली एक गोळी कुटून एका बादलीत टाकली आणि शेडातल्या डबीतली दुसरीत. पहिल्या बादलीच्या कडीला लाल दोरा बांधला.

“आता उद्या दुपारपर्यंत दोन्ही शेडातच राहतील. कुणी हात लावायचा नाही,” त्या म्हणाल्या. “केरू, तू राखणीला बस. आणि डोक्याला ओलं फडकं बांध, गोळी खाऊ नकोस.”

“हा काय पोरखेळ, सिस्टर?” धनराज म्हणाला.  फुलाबाई मात्र लाल दोऱ्याकडे बघत होती.

वत्सलाबाई त्याच संध्याकाळी नानांना गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. घेरीची गोष्ट कुणी त्यांच्या कानावर घातलीच नव्हती. डॉक्टरांनी अर्धी गोळी सुरू करायला सांगितली, दर दोन दिवसांनी आकडा कळवायला सांगितला आणि नानांना अंथरुणावरून सावकाश उठायची ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वत्सलाबाईंनी आपल्या हातानं नवं पाकीट फोडून अर्धी गोळी नानांना दिली. त्या वेळी फुलाबाई दारात उभी होती. तिचे ओठ हलत होते, बहुतेक देवाचं नाव घेत असावी.

दुपारी ऊन डोक्यावर आलं. केरूनं दोन्ही बादल्या अंगणात आणून ठेवल्या.

बिनदोऱ्याच्या बादलीत शेडातल्या डबीची, म्हणजे फुलांची समजली जाणारी गोळी होती. तिच्यातल्या दहापैकी सात कळ्यांनी माना टाकल्या होत्या. लाल दोऱ्याच्या बादलीत नानांच्या डबीची, ब्लडप्रेशरची समजली जाणारी गोळी. तिच्यातल्या दहाही कळ्या ताठ उभ्या होत्या.

धनराजनं एकदा या बादलीकडे पाहिलं, एकदा त्या. मग सगळ्यांच्या आधी त्याला कळलं.

“म्हणजे नाना दीड महिना फुलांची गोळी खाताहेत,” तो म्हणाला. “आणि मी बाजारात ब्लडप्रेशर उतरलेले गुलाब नेतोय?”

६

कुणी हसलं नाही, कारण फुलाबाईनं डोळ्यांना पदर लावला होता.

“मी बदलली डबी,” ती म्हणाली. “होळीच्या दिशी. मंग मोहिनीनं भरली का दर खेपेला.”

“का, आई?” धनराज ओरडलाच.

 फुलाबाई वत्सलाबाईंकडे वळली.

“ती डॉक्टरची गोळी घ्यायला लागले न् होळीच्या आदल्या दिशी हे माझ्यापुढं शेडात पडले. मान अशी टाकली होती, सिस्टर. जलमभर फुलं सांभाळली मी. मान टाकलेलं फूल मला लगीच कळतं. त्याला मी काय देते? तीच गोळी यांना दिली. घेरी गेली, गुडघा बरा झाला, माणूस हिंडाय-फिराय लागला. आता तुमीच सांगा, मी काय वाईट केलं?”

“आणि मोहिनीवर आळ आला तेव्हा?”

“तवा जीव तुटला माझा,” फुलाबाई म्हणाली. “पर बोलले असते तर तुमी पुन्यांदा तीच गोळी दिली असती, न् हे पुन्यांदा पडले असते. म्हणून गप ऱ्हायले. मोहिने, माझं चुकलं गं.”

मोहिनीचा राग तिच्या तोंडापर्यंत आला होता. पण सासूची ती काट्यांनी जाड झालेली बोटं पाहून तो तिथंच विरला. तिनं मैनाला सासूच्या मांडीवर ठेवलं.

वत्सलाबाईंनी लाल दोऱ्याच्या बादलीतून एक कळी उचलली.

“तुमची गोळी खोटी नाही, फुलाबाई. बघा, कशी ताठ आहे ही. पण हे फूल कापलेलं आहे. याला मूळ नाही. तीन दिवस मान ताठ राहिली, बाजार गाठला, की याचं काम संपलं.” त्यांनी कळी फुलाबाईच्या हातात दिली. “नानांना तीन दिवस ठेवायचंय का तुम्हाला?”

फुलाबाईनं कळीच्या कापलेल्या देठावरून अंगठा फिरवला.

“नाय,” ती म्हणाली. “मूळ धरून ठेवायचंय.”

“मग मुळाशी घालायचं औषध रोज थोडं थोडं घालावं लागतं. झाड वर काही दाखवो, न दाखवो. आणि घेरी आली तर लपवायची नाही, डॉक्टरला सांगायची. सकाळी अर्धीच दिलीय मी. पडले का नाना?”

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नाना भिंतीला टेकून ऐकत होते आणि त्यांच्या बोळक्यात हसू मावत नव्हतं.

“म्हणजे मला हिनं बादलीत ठेवलं होतं,” ते म्हणाले. “अन् मला वाटलं, गुडघ्याला देव पावला.”

तेव्हा मात्र केरूसुद्धा हसला.

७

त्या दिवसापासून गोळी पाकिटातच राहिली आणि ती द्यायचं काम फुलाबाईनं मोहिनीकडून मागून घेतलं. सकाळी जुड्या बांधायला बसण्याआधी ती नानांना सावकाश उठवायची, गोळी द्यायची आणि तारखेला काट्यानं टोच मारायची. दर दोन दिवसांनी वत्सलाबाईंची मोपेड फाटकात शिरायची. एकशे ऐंशी, एकशे अडुसष्ट, मग डॉक्टरांनी पूर्ण गोळी केल्यावर एकशे पन्नास. शिबिराच्या शेवटच्या दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि खात्री करायला पुन्हा बांधला. एकशे छत्तीस होता.

“आता घेतोय वाटतं गोळी,” ते म्हणाले. नानांनी नुसती मान हलवली. बायकोचं नाव सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मोहिनीनं मैनाला त्यांच्यासमोर धरलं. नाना बघत राहिले. बघता बघता त्यांच्या त्या नव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, म्हणून नर्स त्यांना रागावली.

“तुम्ही तर म्हणत होता, आईवर गेलीय,” नाना शेवटी म्हणाले. “हिचं नाक तर माझं हाय. एवढं मोठं.”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, नाना,” धनराज म्हणाला.

नानांनी मान वळवली. पलंगाच्या पायथ्याशी फुलाबाई उभी होती. दोन वर्षांत त्यांनी तिला फक्त आवाजानं ओळखलं होतं.

“अगं, तुझे केस कधी पांढरे झाले?”

“होळीपासून,” फुलाबाई म्हणाली.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी वत्सलाबाई मुद्दाम वेळेवर हजर राहिल्या. फुलाबाईनं पाकीट फोडून गोळी नानांच्या तळहातावर ठेवली. नानांनी ती उन्हात धरली आणि कळी पारखावी तशी फिरवून फिरवून पाहिली. इतके दिवस खाल्ली, पण बघितली आजच. मग पाण्याबरोबर गिळून टाकली आणि मैनाला घ्यायला हात पुढं केले.

वत्सलाबाई यंत्र पिशवीत भरून निघाल्याच होत्या. इतक्यात फुलाबाईनं नानांचे हात अडवले.

“थांबा,” ती म्हणाली. “आ करा. जीभ वर.”